वर्षभराचा पास आणि आमच्या सुट्ट्या

मनोरंजन उद्यानाचा वार्षिक पास विकणारी कंपनी ग्राहकाकडून संपूर्ण वर्षाचे पैसे एकरकमी घेते आणि त्या वर्षातले कोणते दिवस तिने स्वतःसाठी राखून ठेवले आहेत, हे मात्र पैसे हाती पडल्यानंतर कळू देते. माझी तक्रार या एकाच गोष्टीविषयी आहे. गर्दीच्या दिवशी पासधारकांवर मर्यादा घालण्याला माझा विरोध नाही. पाळण्यांची आणि घसरगुंड्यांची क्षमता ठरलेली असते, रांगा एका प्रमाणापलीकडे वाढू देणे कोणाच्याच हिताचे नसते आणि सुरक्षिततेच्या बाबतीत तर कोणतीही तडजोड होता कामा नये. परंतु जे दिवस वगळले जातात, ते मराठवाड्यातल्या बहुतेक कुटुंबांना घराबाहेर पडता येणारे एकमेव दिवस असतात. पास विकताना ही गोष्ट विकणाऱ्याला ठाऊक असूनही तो गप्प राहत असेल, तर त्या व्यवहाराला मी प्रामाणिक म्हणू शकत नाही.

मी परभणी जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत शिकवते आणि माझ्या पतींचे मोंढ्यात आडतीचे दुकान आहे. मुलगी आठवीत आहे, मुलगा पाचवीत. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगर येथे भरलेल्या एका प्रदर्शनात या उद्यानाचे टेबल मांडलेले होते. उद्यानाचे नाव मी लिहीत नाही, कारण आमचा अर्ज अद्याप त्यांच्याकडे प्रलंबित आहे आणि ही रीत काही त्यांच्या एकट्याची नाही. टेबलामागच्या फलकावर मराठीत, लांबूनही वाचता येईल अशा अक्षरांत, एका पासवर वर्षभर हव्या तितक्या वेळा प्रवेश असे लिहिलेले होते. पासची किंमत एका दिवसाच्या तिकिटाच्या साधारण अडीचपट होती. तेथील तरुणाने आम्हाला हिशेब सांगितला तो असा, की उन्हाळ्यात एकदा, दिवाळीत एकदा आणि नाताळात एकदा आलात, तर तिसरी फेरी निम्म्या पैशांत पडते. मुलांच्या सुट्ट्यांची ही तीन नावे त्याने स्वतःहून घेतली होती, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण पुढे हेच तिन्ही काळ प्रवेशबंदीच्या यादीत निघाले.

अर्ज भरताना त्याने चौघांची छायाचित्रे काढली, ओळखपत्रे पाहिली आणि पत्ता लिहून घेतला. पत्त्यात परभणीचा पिनकोड होता. म्हणजे हे कुटुंब रात्रभराचा प्रवास करून येणार आहे, हे त्या संगणकाला त्याच क्षणी कळले होते. पावतीबरोबर मोबाइलवर एक संदेश आला. त्यात अटी व शर्तींचा दुवा होता आणि त्या अटी इंग्रजीत होत्या. वगळलेल्या तारखांची यादी त्या अटींमध्येही नव्हती. वगळलेल्या तारखा संकेतस्थळावर वेळोवेळी प्रसिद्ध केल्या जातील, एवढेच एक वाक्य तेथे होते. याचा अर्थ असा, की पैसे भरण्यापूर्वी एखाद्याने सर्व अटी शब्दन्शब्द वाचून काढल्या असत्या, तरी आपण नेमके किती दिवस विकत घेत आहोत, हे त्याला कळले नसते.

ही यादी पुढे आम्हाला कशी कळली ते सांगते. दिवाळीच्या सुट्टीत जावे असे ठरले आणि मुलीने संकेतस्थळावर दिवस निवडण्याचे पान उघडले, तेव्हा धनत्रयोदशीच्या आधीपासून ते सुट्टी संपेपर्यंतचा प्रत्येक दिवस करडा झालेला दिसला आणि त्यावर बोट ठेवले तरी काहीच होईना. तांत्रिक बिघाड असावा असे समजून माझ्या पतींनी ग्राहक सेवेला फोन केला. "सर, त्या ब्लॉकआउट डेट्स आहेत, त्या दिवशी पास चालत नाही," असे उत्तर मिळाले. मग कोणत्या दिवशी चालतो, असे विचारल्यावर जे कळले ते असे: शनिवार नाही, रविवार नाही, सार्वजनिक सुट्टीचा दिवस नाही, सुट्टीला लागून आलेला दिवस नाही, दिवाळीचे दिवस नाहीत, २४ डिसेंबर ते १ जानेवारी नाही आणि एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत एकही दिवस नाही. यांपैकी एखाद्या दिवशी यायचेच असेल, तर माणशी वेगळे शुल्क भरावे लागेल. ते शुल्क मोजून पाहिले, तेव्हा ऑनलाइन सवलतीत मिळणाऱ्या एका दिवसाच्या तिकिटाहून ते फारसे कमी नव्हते.

आता हे कॅलेंडर एका बाजूला आणि आमच्या भागातल्या घरांचे कॅलेंडर दुसऱ्या बाजूला ठेवून पाहावे.

शाळेची उन्हाळी सुट्टी मे महिन्याच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत असते. एप्रिलच्या मध्यापासूनच प्रवेश बंद, म्हणजे ही सुट्टी पूर्ण गेली. दिवाळीची सुट्टी गेली. नाताळाचा आठवडा गेला. उरतात ते जूनच्या उत्तरार्धापासूनचे आणि जानेवारीनंतरचे सोमवार ते शुक्रवार, म्हणजे नेमके शाळेचे दिवस. उद्यानाच्या शहरात राहणाऱ्या कुटुंबाला एखाद्या बुधवारी मुलांची शाळा बुडवून दुपारी जाऊन रात्री घरी परतता येईल. आम्हाला त्याच बुधवारसाठी मंगळवारी संध्याकाळी निघावे लागते आणि गुरुवारी घर गाठावे लागते, म्हणजे शाळेचे दोन दिवस बुडतात. मी स्वतः शिक्षिका आहे. वर्गातल्या मुलांच्या पालकांना हजेरीविषयी सांगणाऱ्या बाईंनी स्वतःच्या मुलांना घसरगुंडीसाठी दोन दिवस घरी ठेवावे आणि स्वतःच्या मोजक्या किरकोळ रजा त्यात घालाव्यात, हे मला पटणारे नाही.

घर शेतीवर किंवा शेतमालाच्या व्यापारावर चालत असेल, तर हा पेच आणखी घट्ट होतो. मृगाच्या पावसाबरोबर पेरणी सुरू होते, त्यानंतर कोळपणी आणि फवारणी, पुढे ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी आणि पाठोपाठ कापसाची वेचणी. मोंढ्यात आवक वाढली की आडत्याला दुकान सोडता येत नाही. माझ्या पतींना सोयाबीनच्या हंगामात घरी जेवायला यायलाही उसंत मिळत नाही. हाती पैसा आणि मोकळा वेळ, दोन्ही एकाच वेळी असण्याचे दिवस या भागात दोनदाच येतात: दिवाळीच्या सुमारास थोडे आणि रब्बीचा माल विकून झाल्यावर मे महिन्यात जास्त. पासच्या यादीने हे दोन्ही काळ काढून घेतले आहेत. पावसाळ्यातले जे दिवस पासधारकांना मोकळे ठेवले आहेत, त्या दिवसांत विजा कडाडू लागल्या की उघड्यावरचे उंच पाळणे थांबवावे लागतात. ते योग्यच आहे, परंतु त्या दिवसाचा प्रवेश मात्र वापरला गेला असेच धरले जाते.

यादी बारकाईने पाहताना एक गोष्ट लक्षात आली. मराठवाड्यापुरत्या महत्त्वाच्या असलेल्या काही दिवशी पास चालतो. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन उद्यानाच्या दृष्टीने साधा दिवस आहे, आणि बैलपोळा किंवा महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस कामाच्या वारी आला तर तोही मोकळा. पण १७ सप्टेंबरला सकाळी आम्ही शाळेत ध्वजारोहणाला असतो, पोळ्याला शेतकऱ्याच्या घरातून कोणी गाव सोडत नाही आणि महालक्ष्म्या घरात बसलेल्या असताना घरातली बाई प्रवासाला निघण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ही यादी करणाऱ्यांनी आमचा विचार करून ती केलेली नाही, हे उघड आहे. त्यांनी तसा विचार करावा असा माझा आग्रहही नाही. पण मग त्याच यादीचा पास आमच्या जिल्ह्यांतल्या लोकांना, आमच्याच विभागात टेबल मांडून, दिवाळीचे आणि नाताळाचे नाव घेऊन विकू नये, एवढे मागण्याचा मला अधिकार आहे.

वगळलेल्या तारखा हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. उरलेल्या दिवशीही पासधारकाला आधी दिवस नोंदवावा लागतो आणि ही नोंदणी भेटीच्या सात दिवस आधी उघडते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. ते उघडताच परभणीहून सुटीच्या दिवसांतल्या लांबच्या गाड्यांची तिकिटे भराभर संपतात आणि आठवडाभर आधी पाहायला गेले तर हाती लागते ती प्रतीक्षायादी. म्हणजे बाहेरगावच्या पासधारकाने गाडीचे तिकीट आणि राहण्याची खोली यांचे पैसे दोन महिने आधी गुंतवायचे आणि उद्यानात प्रवेश मिळणार की नाही, हे निघण्याच्या तोंडावर कळून घ्यायचे. पासधारकांसाठी दिवसाला किती जागा ठेवल्या आहेत, हे कोठेही सांगितलेले नाही. पासधारकांच्या जागा संपल्या असे दाखवणाऱ्या दिवशी पूर्ण दराचे तिकीट मात्र त्याच संकेतस्थळावर विकत मिळत होते, हे मी स्वतः पाहिले आहे. जागा खरोखर संपली असती, तर ती सर्वांसाठीच संपली असती. येथे संपली होती ती आधीच पैसे भरलेल्यांसाठीची जागा, आणि शिल्लक होती ती आता नव्याने पैसे भरणाऱ्यांसाठीची.

असाच वाद अमेरिकेत झाला आहे आणि तो येथे सांगण्याजोगा आहे. कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथील डिस्नेलँड १९५५ साली सुरू झाले. करोनाच्या काळात मार्च २०२० पासून ते बंद होते. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने आपली जुनी वार्षिक पासची योजना बंद केली आणि पात्र पासधारकांना उरलेल्या काळाचे पैसे परत दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'मॅजिक की' नावाची नवी योजना आली, तिच्यात ३९९, ६४९, ९४९ आणि १,३९९ डॉलर अशा चार किमतींचे पास होते. किंमत जितकी कमी, तितके वगळलेले दिवस जास्त, आणि प्रत्येक पासबरोबर दिवसाची आगाऊ नोंदणी सक्तीची. सर्वांत महाग पासला एकही वगळलेला दिवस नाही, असे सांगितले गेले होते. पण तो पास घेणाऱ्यांना काही दिवशी नोंदणी मिळेना, आणि त्याच दिवसांची साधी तिकिटे मात्र विक्रीला होती. २०२१ च्या अखेरीस एका पासधारक स्त्रीने दावा दाखल केला. त्याला सामूहिक दाव्याचे रूप आले आणि २०२३ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ९५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. पासधारक एक लाखाहून अधिक असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला फार मोठी रक्कम येणार नव्हती. तरीही माझ्या दृष्टीने त्या प्रकरणाचे मोल आहे. बंद दिवस नाहीत असे सांगून नोंदणीच्या दारातून ते पुन्हा आत आणता येतात का, हा प्रश्न तेथे एका ग्राहकाने न्यायालयापर्यंत नेला.

त्या योजनेतली दुसरी एक गोष्ट मला याहून अधिक महत्त्वाची वाटते, आणि तिच्याविषयी आपल्याकडे कोणी बोलताना आढळत नाही. ३९९ डॉलरचा सर्वांत स्वस्त पास, ज्यात सर्वांत जास्त दिवस वगळलेले होते, तो केवळ दक्षिण कॅलिफोर्नियातील रहिवाशांनाच विकला जात असे. वीकएंड आणि सुट्ट्या वगळलेला पास जवळ राहणाऱ्याच्याच उपयोगाचा असतो, हे कंपनीला ठाऊक होते आणि त्याप्रमाणे तिने विक्रीची अट ठेवली. हेतू व्यापारी असेल, परंतु परिणाम असा झाला की दूरच्या माणसाच्या गळ्यात तो पास पडला नाही. आपल्याकडेही पत्ता विचारला जातो, पिनकोड लिहून घेतला जातो, आधारची प्रत घेतली जाते. मग त्या माहितीचा उपयोग ग्राहकाला सावध करण्यासाठी का होऊ नये? पिनकोड भरताच पडद्यावर एक वाक्य यावे, की हा पास शाळेच्या सुट्ट्यांत आणि शनिवार-रविवारी चालत नाही, तरी घ्यायचा आहे का. असे वाक्य आले असते तर आम्ही पास घेतला नसता, आणि मला वाटते, नेमके म्हणूनच ते येत नाही.

मर्यादा असलेले पास महाराष्ट्राला नवे नाहीत. एस.टी. महामंडळाची 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना अनेक वर्षे चालू आहे. तिचे चार दिवसांचे आणि सात दिवसांचे पास मिळतात, साध्या गाडीचा दर वेगळा आणि शिवशाहीचा वेगळा, आणि पूर्वी तर गर्दीच्या आणि कमी गर्दीच्या हंगामाचे दरही निरनिराळे असत. माझ्या आई-वडिलांनी या पासवर पुष्कळ देवदर्शन केले. कोणत्या गाडीत तो चालतो, किती दिवस चालतो आणि हंगामानुसार किती पैसे पडतात, हे आगाराच्या खिडकीवरच कळत असे. गर्दीच्या हंगामात महामंडळ पास बंद करीत नसे, त्याचा दर अधिक घेत असे. अधिक पैसे भरायचे की हंगाम संपेपर्यंत थांबायचे, याचा निर्णय प्रवासी करीत असे. अलीकडचे उदाहरण फास्टॅगच्या वार्षिक पासचे आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल ते, अशी ती योजना सुरू झाली. हा पास राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांवर चालतो, राज्याच्या समृद्धी महामार्गावर चालत नाही. जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मोटारमालकाला त्याचे वाईट वाटणे साहजिक आहे, आणि मलाही वाटते की तो तेथे चालायला हवा होता. पण ती मर्यादा योजना सुरू होतानाच जाहीर झाली होती. घ्यायचा की नाही, हे ज्याने त्याने आपल्या नेहमीच्या रस्त्याकडे पाहून ठरवले.

मोंढ्यात सोयाबीनचे पोते उघडले की आधी ओलावा मोजतात आणि मग भाव बोलतात. शासकीय हमीभाव खरेदीत १२ टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालतो, २०२४ च्या हंगामात केंद्राने तो १५ टक्क्यांपर्यंत चालेल असे जाहीर केले होते, आणि या आकड्यांवरून शेतकरी आणि व्यापारी यांच्यात किती ताणाताणी होते हे मी घरातच पाहते. परंतु कपात किती होणार हे माल काट्यावर चढण्याआधी बोलले जाते. ती मान्य नसेल तर शेतकरी पोते परत बांधून घेऊन जाऊ शकतो. उद्यानाच्या पासमध्ये कपात किती, हे पोते रिकामे झाल्यावर सांगितले गेले.

कायद्याविषयी मी ग्राहक चळवळीत काम केलेल्या एका ज्येष्ठ परिचितांशी बोलले आणि स्वतःही वाचले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरात या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे दिशाभूल करणारी ठरू शकते. त्याखाली ९ जून २०२२ रोजी जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. त्यांत असे म्हटले आहे की, दाव्याला जोडलेला खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत असावा आणि जी माहिती दडवल्यास जाहिरात फसवी ठरेल, ती खुलाशाच्या आडोशाला लपवू नये. फलक मराठीत आणि अटी इंग्रजीत, फलक हातभर अक्षरांत आणि बंद दिवस एका दुव्याच्या पलीकडे, हे या तत्त्वांत बसत नाही असे माझे मत आहे. ग्राहकाला बांधून टाकणाऱ्या एकतर्फी अटींसाठी याच कायद्यात 'अनुचित करार' ही स्वतंत्र तरतूद आहे, आणि अशा अटी रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य ग्राहक आयोगाला व राष्ट्रीय ग्राहक आयोगाला आहे. राज्य आयोगाचे फिरते खंडपीठ छत्रपती संभाजीनगर येथे बसते, हे आपल्या भागातल्या पुष्कळांना माहीत नसते.

आमच्या पासच्या अटींत असेही एक वाक्य होते, की कोणताही वाद कंपनीच्या शहरातील न्यायालयातच चालेल. हे वाचून आमच्यासारखी माणसे तेथेच थांबतात, कारण दीड-दोन हजारांच्या रकमेसाठी एवढ्या दूर वकील कोण लावणार? परंतु २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो जेथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लावणे सक्तीचे नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. आम्ही ती नोंदवली, तेव्हा ज्या कंपनीकडून तोवर फक्त यंत्राने पाठवलेली उत्तरे येत होती, तिच्या एका अधिकाऱ्याचा फोन आला.

त्या अधिकाऱ्यांचे बोलणे सभ्य होते, आणि त्यांनी मांडलेली बाजू मी येथे देते. त्यांचे म्हणणे असे, की पासची किंमत कमी ठेवता येते ती गर्दीचे दिवस वगळल्यामुळेच. सगळे पासधारक मे महिन्यात आले तर उद्यान चालणार नाही आणि पूर्ण तिकीट काढून आलेल्यांवर अन्याय होईल. यातील पहिला भाग मला मान्य आहे. कामाच्या दिवशी पाळणे रिकामे फिरवण्यापेक्षा ते भरण्यासाठी स्वस्त पास द्यावा, हा रास्त व्यापार आहे. पण मग त्या पासला कामाच्या दिवसांचा पास म्हणावे, फलकावर तसेच लिहावे आणि दिवाळी-नाताळाचा हिशेब सांगून विकू नये. दुसरा भाग मला मान्य नाही, कारण पासधारकानेही पैसे भरलेले आहेत आणि तेही वर्षभर आधी. मी त्यांना विचारले, की उन्हाळ्याच्या सुट्टीतील सोमवार ते गुरुवार मोकळे असलेला, थोडा महाग पास बाहेरगावच्या कुटुंबांसाठी का काढत नाही? त्यावर त्यांनी सूचना वरिष्ठांकडे पाठवतो असे सांगितले. मग मी विचारले, की आम्ही पास घेतला तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला एकही दिवस यादीत नव्हता, तेथे आता दोन आठवडे कसे वाढले? त्याचे उत्तर, अटींमध्ये तसा अधिकार राखून ठेवला आहे, एवढेच होते.

मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. एका बाजूला रक्कम ठरलेली, ना-परतावा, ना-हस्तांतरण, घरात कोणी आजारी पडले तरी मुदतवाढ नाही. दुसऱ्या बाजूला त्या रकमेच्या बदल्यात काय द्यायचे, हे वर्षाच्या मध्यात केव्हाही बदलण्याची मोकळीक. करार एकाच बाजूने बदलता येत असेल, तर ग्राहकाने सही केली ती नेमकी कशावर? हा प्रश्न आमच्या रकमेपुरता नाही. आमच्या शाळेतल्या आणखी दोन कुटुंबांनी त्याच प्रदर्शनात पास घेतले आहेत आणि त्यांतले एक कुटुंब अल्पभूधारक शेतकऱ्याचे आहे. त्या पालकांनी ही रक्कम मुलीच्या वाढदिवसासाठी बाजूला ठेवलेली होती, आणि ती मुलगी मे महिन्यात जन्मलेली आहे.

कंपनीने अखेर आम्हाला पुढील वर्षाच्या पासवर सवलत देऊ केली. ती आम्ही नाकारली, कारण ज्या अटींवर हा पास वापरता आला नाही, त्याच अटींवर दुसरा घेण्यात काही अर्थ नाही. आम्ही लेखी मागितले आहे ते असे, की चौघांच्या पासची न वापरलेल्या काळाची रक्कम परत द्यावी, किंवा येत्या मे महिन्यातील कोणताही एक कामाचा दिवस अधिक शुल्काशिवाय आणि साठ दिवस आधी निश्चित करून द्यावा. अर्जाची प्रत नोंदणीकृत टपालाने पाठवली आहे आणि उत्तरासाठी महिन्याची मुदत दिली आहे. ती संपली की तक्रार परभणीच्या जिल्हा आयोगात दाखल होईल, तिचा मसुदा तयार आहे.

ज्यांनी आपल्या भागातल्या प्रदर्शनांत, मॉलमध्ये किंवा शाळांमधून असे पास घेतले असतील, त्यांना एक विनंती आहे. जाहिरातीच्या फलकाचे किंवा पत्रकाचे छायाचित्र, पैसे भरल्याची पावती, त्या दिवशी आलेला संदेश आणि आज संकेतस्थळावर दिसणारी वगळलेल्या तारखांची यादी, ही सर्व तारखेसह जपून ठेवावीत. यादी बदलते, आणि बदलल्यानंतर जुनी कोठेही दिसत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यातली यादी आहे ती केवळ पैसे भरल्यानंतर मुलीने सहज स्क्रीनशॉट काढून ठेवला होता म्हणून, जरी तो तेव्हा आम्ही वाचला नव्हता, आणि आमच्या अर्जाला जोडलेला सर्वांत भक्कम कागद आज तोच आहे.